ढग्या, चिंगी आणि माझी मूठ

ढग्याचं वजन साठ किलो आहे, म्हणजे माझ्यापेक्षा दोन किलो जास्त. जात ग्रेट डेन, रंग भरून आलेल्या आभाळाचा, आणि उंची अशी की जेवणाच्या टेबलावर काय वाढलंय ते बघायला त्याला मान वर करावी लागत नाही. माझ्या मुलानं, धवलनं, पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे पिल्लू आणलं. मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. "पप्पा, फक्त दोन महिने सांभाळा," असं म्हणून तो ढग्याला सांगलीला आमच्याकडे सोडून गेला. त्याला आता दीड वर्ष झालं.

मी धरणेंद्र. लोक अण्णा म्हणतात. पस्तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची दलाली केली, आता विश्रामबागेत एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि कुणी न मागितलेले सल्ले देतो. कुत्रं पाळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं माझं जाहीर मत होतं. ते मी इतक्या जणांना ऐकवून ठेवलं होतं की ढग्या आला तेव्हा तोंड लपवायला जागा उरली नाही.

माझी बायको चंदनबाला पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्यानं माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही." आठव्या दिवशी ती त्याच्यासाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापत होती आणि तो ओट्यावर हनुवटी टेकून उभा होता. भाकरी, डाळ, दही, पनीर एवढं आमच्या जैनाच्या घरातून त्याला मिळतं. बाकी त्याच्या खाण्याची एक पिशवी धवल दर महिन्याला पाठवतो, ती आम्ही बाल्कनीत ठेवतो. त्या पिशवीवर काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही. नेमका तेव्हा माझा चष्मा सापडत नाही.

आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत आहे. सूर्य बुडाला की आमचा गॅस बंद, त्यामुळे ढग्याचंही जेवण उजेडात. त्यातच प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं की एवढ्या मोठ्या कुत्र्याला खाल्ल्यावर लगेच चालवायचं नाही, पोट फुगून जिवावर बेततं. म्हणून आधी फिरणं, मग त्याचा दम जिरला की त्याचं जेवण, मग आमचं, आणि हे सगळं सूर्य असेपर्यंत. म्हणजे पाच वाजता मी पट्टा घेऊन खाली उतरलोच पाहिजे. आणि आमच्या भागात सगळी कुत्री पाचलाच बाहेर पडतात.

एवढा मोठा कुत्रा घेऊन रस्त्यानं चाललं की माणसाला नवी ओळख मिळते. रिक्षावाले वेग कमी करतात. बायका मुलांना कडेवर घेतात. "चावतो का हो?" हा प्रश्न मला दिवसातून सरासरी सहा वेळा विचारला जातो. भुंकायचं म्हणाल तर जेवढं कुत्रं छोटं तेवढं ते जास्त भुंकतं. चहाच्या टपरीजवळची गावठी कुत्री आधी लांबून ओरडली, मग महिन्याभरात त्यांनी ढग्याला रस्त्यातल्या विजेच्या खांबासारखं स्वीकारून टाकलं. पण बंगल्यांतली छोटी कुत्री काही केल्या गप्प बसत नसत.

आणि हा आमचा गडी काय करायचा? समोरून कुत्रं येताना दिसलं की तो आधी तोंड फिरवायचा. मग गवतात काहीतरी महत्त्वाचं सापडल्यासारखा नाक खुपसून उभा राहायचा. ते कुत्रं आणखी जवळ आलं की हळूच खाली बसायचा, आणि शेवटी पाय पसरून, हनुवटी डांबरावर टेकवून सरळ आडवाच व्हायचा. मला वरमल्यासारखं व्हायचं. एवढा देह दिलाय देवानं, आणि मुठीएवढ्या कुत्र्यासमोर लोटांगण! बाजारात मी जन्मभर एक गोष्ट पाळली होती, समोरच्याआधी आपण खाली बसायचं नाही. आधी बसला तो गेला. त्यामुळे ढग्या बसायला लागला की मी पट्टा ओढून त्याला उभा करायचो. "मान वर ठेव," म्हणायचो, "लोक बघतायत."

आमच्याच सोसायटीत, शेजारच्या इमारतीत विनोदिनीबाई राहतात. मूळच्या वाईच्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर मुलीजवळ राहायचं म्हणून सांगलीला आल्या, आणि वर्षभरात मुलीची नाशिकला बदली झाली. घरात आता त्या आणि त्यांची चिंगी. चिंगी म्हणजे पांढरी पॉमेरेनियन, वजन तीन किलो आणि आवाज तीस किलोचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बागेच्या वळणावर चिंगी समोरून आली. ढग्या नेहमीप्रमाणे तोंड फिरवून खाली बसायला लागला. बाकावर सोसायटीतली चार ओळखीची माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, "अण्णा, तुमचा पैलवान चितपट झाला की!" सगळे खो खो हसले. माझं डोकं फिरलं. मी पट्ट्याचे दोन वेढे मुठीला मारले आणि ढग्याला खसकन वर ओढलं.

त्याची मान वर गेली, छाती पुढे आली. चिंगीनं ते पाहिलं आणि ती किंचाळल्यासारखी भुंकायला लागली. मी पट्टा आणखी आवळला. मग ढग्या भुंकला. दीड वर्षात आम्ही त्याचा आवाज फारसा ऐकलाच नव्हता, त्यामुळे सगळ्यात आधी दचकलो तो मीच. तो पुढे झेपावला, मी गुडघ्यांवर आपटलो, आणि त्याचा एक पंजा थेट चिंगीच्या पाठीवर पडला. त्यानं दात लावला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण त्या पंजाखाली चिंगी रस्त्यावर सपाट झाली आणि ओरडत राहिली. विनोदिनीबाईंनी खाली वाकून तिला उचललं तेव्हा त्यांचा चष्मा खाली पडला आणि तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

पंजाखाली दबून चिंगीच्या पायाला मुका मार लागला होता. तीन-चार दिवसांत बरी होईल असं डॉक्टर म्हणाले. मी माफी मागायला गेलो तर विनोदिनीबाईंनी दार उघडलं, पण आत बोलावलं नाही.

"अण्णा, तुमच्या कुत्र्याचा मला राग नाही आलेला," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते. मी आणि चिंगी एवढंच आमचं घर आहे. रोज संध्याकाळी ही भीती घेऊन मी जिना उतरायचा का?"

मी मान खाली घालून परत आलो.

शनिवारी सोसायटीचा सेक्रेटरी जयराज घरी आला. चांगला मुलगा आहे, पण कागद हातात असला की त्याचा आवाज बदलतो. विनोदिनीबाईंची लेखी तक्रार होती आणि तिच्यावर आणखी अकरा सह्या होत्या. "अण्णा, कुत्रा काढा असं आम्ही कायद्यानं म्हणू शकत नाही," तो म्हणाला, "पण लोक घाबरलेत. तुम्हीच काहीतरी सांगा."

आणि इथं माझा स्वभाव आडवा आला. नरमाईनं बोलायच्या ऐवजी मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "पुढच्या रविवारी पाच वाजता बागेत सगळ्यांना बोलव. सगळ्यांच्या देखत मी ढग्याला चिंगीच्या शेजारून नेऊन दाखवतो. तिच्या अंगावर गेला, तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याला फलटणला पाठवीन. हा माझा शब्द."

जयराज गेल्यावर चंदनबाला माझ्याकडे बघत राहिली. "शब्द द्यायची एवढी घाई काय होती?" तिनं विचारलं. मी यार्डात पस्तीस वर्षं तोंडी शब्दावर धंदा केला, शब्द फिरवणं मला येत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती चिडली होती.

फलटण म्हणजे लालासाहेब. धवलच्या मित्राचे काका, मोठे ऊसवाले. महिन्याभरापूर्वी ते सांगलीला आले होते तेव्हा धवलच्या सांगण्यावरून कुत्रं बघायला घरी येऊन गेले. ढग्याला त्यांनी चारी बाजूंनी न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाले, "लय झ्याक जनावर हाय. फाटकाला बांधू. दिवसा साखळीला, रातीला मोकळं. कोण माईचा लाल उसात शिरतोय बघू." माणूस वाईट नाही. पण ढग्या मिक्सर सुरू झाला तरी माझ्या खुर्चीमागे लपतो. झोपताना त्याची पाठ आमच्या खोलीच्या दाराला टेकलेली लागते, नाहीतर तो कण्हत राहतो. त्याला साखळीला बांधून एकटा फाटकाशी बसवायचा, हा विचार मला सोसत नव्हता. आता खरं ते सांगतो, दीड वर्षात तो कुत्रा मला माझ्या बऱ्याच नातेवाइकांपेक्षा प्रिय झाला होता. तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय मी ठेवली नव्हती.

सोमवारी नानासो आला. यार्डात माझ्या दुकानावर तो तीस वर्षं हमाल होता. गाव जतकडचं, घरी मेंढरं. दरवर्षी या दिवसांत तो हुरड्याची कणसं घेऊन येतो, चंदनबालाच्या हातचा चहा पितो आणि जुन्या गोष्टी काढतो. पाच वाजले तसा मी पट्टा उचलला. "चल, चालता चालता बोलू," म्हणालो आणि त्यालाही बरोबर घेतलं.

फाटकाबाहेर शंभर पावलं गेलो नाही तोच एक आखूड पायांचा डॅशहाउंड समोरून आला. मी सवयीनं पट्टा आवळला. ढग्याची मान वर, डॅशहाउंडचा दंगा सुरू. कसंबसं पुढे आलो. दुसरं कुत्रं भेटलं, तिसरं भेटलं. मग नानासो थांबला.

"अण्णा, राग न्हाई ना येनार?"

"बोल."

"त्या मुक्या जनावराला कशापायी भ्या घालताय?"

"मी? अरे, तोच घाबरट आहे! समोर कुत्रं आलं की लोळण घेतो. मी त्याला उभा करतोय."

"घाबरट न्हाई त्यो, शहाना हाय," नानासो म्हणाला. "आमच्याकडं मेंढरामागं दांडगी कुत्री असत्यात. त्यातलं जे थोर असतंय ते बारक्या पिल्लाम्होरं असंच आडवं पडतंय. म्हंजी सांगतंय, ये बाबा, मी काय करत न्हाई. मोठ्या जनावराची ती रीत हाय. तुमी पट्टा वढला की त्याची मान वर जाती, छाती फुडं येती. म्होरच्या कुत्र्याला वाटतंय, ह्यो आता अंगावर येनार. मग ते बोंबलतंय. आन् ह्येला वाटतंय, मालकाची मूठ आवळली, म्हंजी म्होरं कायतरी वंगाळ हाय."

"माझी मूठ त्याला काय कळते?"

नानासो हसला. "आवं, कापडाखाली तुमी काय करत हुता?"

मी यार्डात नवीन होतो तेव्हा काही जुने व्यापारी अजून कापडाखाली सौदे करत. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचा. आजूबाजूच्यांना काही कळायचं नाही. माझ्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्व होता. नानासो बाजूला पोती रचत उभा असायचा.

"तोंडावर तुमच्या कवाच काय दिसलं न्हाई," तो म्हणाला, "पर ज्येच्या हातात तुमचा हात असायचा, त्येला समदं कळत हुतं. आता ह्येच्या गळ्यात तुमचा हात हाय."

मी पट्ट्याकडे पाहिलं. दोन वेढे मारलेली मूठ पांढरी पडली होती. दीड वर्ष मी त्या बिचाऱ्याला दिसेल त्या कुत्र्यासमोर सांगत होतो की धोका आहे, सांभाळ. तो शहाणपणानं आडवा पडत होता आणि मी त्याला मानेला धरून भांडायला उभा करत होतो. चिंगीच्या पाठीवरचा पंजा ढग्याचा होता, पण तो तिथं आणला मी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि मी ते नानासोला तिथल्या तिथं सांगून टाकलं.

"लाज ऱ्हाऊ द्या. मूठ सैल करा," तो म्हणाला. त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. समोरच्या कुत्र्यावर सरळ चालून जायचं नाही, लांबून वळसा घालून जायचं. कुत्री आपसात तशीच भेटतात, सरळ अंगावर जाणं त्यांच्यात उद्धटपणा असतो.

सांगणं सोपं होतं. मूठ मात्र ऐकेना. कुत्रं दिसलं की बोटं आपोआप आवळायची. शेवटी चंदनबालानं युक्ती काढली. राजगिऱ्याचा एक लाडू माझ्या तळहातावर ठेवून वर पट्टा दिला. "हा अख्खा घरी आणा," म्हणाली. राजगिऱ्याचा लाडू नुसता जोरात बघितला तरी फुटतो. मंगळवारी फाटकाशीच चुरा झाला. बुधवारी बागेपर्यंत टिकला. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "अण्णा, मुठीत काय?" मी म्हणायचो, "औषध." ढग्याची मात्र चंगळ होती. फुटलेला प्रत्येक लाडू त्याचा, आणि माझा हात तो मनगटापर्यंत चाटून काढायचा.

गुरुवारी लाडू अर्धा घरी आला. शुक्रवारी त्या डॅशहाउंडला वळसा घालून गेलो, पट्टा मधोमध झोळीसारखा लोंबत होता, आणि ढग्या गवत हुंगत, तोंड फिरवून, निवांत पुढे निघाला. डॅशहाउंड दोनदा भुंकला आणि कंटाळून गप्प बसला. शनिवारी लाडू अख्खा घरी आला. मी तो ताटलीत ठेवून चंदनबालाला दाखवला आणि लहान मुलासारखा खूश झालो. ती म्हणाली, "उद्या वीस-बावीस माणसं असतील." मी म्हणालो, "असू देत की."

रविवारी दुपारी धवलचा फोन आला होता. "पप्पा, टेन्शन घेऊ नका, नाहीतर फलटण आहेच," असं तो म्हणाला आणि त्या वाक्यानं मला जास्तच घाम फुटला. पाचला दहा कमी असताना मी लाडू मुठीत घेतला, पट्टा धरला आणि चंदनबाला, ढग्या आणि मी लिफ्टमध्ये शिरलो. दुसऱ्या मजल्यावर माझ्या बोटांतून राजगिरा सांडायला लागला. खाली पोचेपर्यंत मुठीत नुसता भुगा उरला होता.

ढग्यानं तो चाटला नाही. तो कान मागे टाकून, मान ताठ करून माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. त्याला कळलं होतं की आज काहीतरी भयंकर आहे.

पार्किंगमधून बाग दिसत होती. जयराज वही घेऊन उभा होता. माणसं अर्धगोल करून थांबली होती, वार्षिक सभेला यातली निम्मीही येत नाहीत. पलीकडे झाडाखाली विनोदिनीबाई, आणि त्यांच्या पायाशी चिंगी. मी मूठ सैल करायचा प्रयत्न केला. बोटं माझी, पण ती माझं ऐकत नव्हती. जेवढं वाटे की हा जाईल, तेवढी ती आवळत होती. या हातानं त्याला पुढे नेलं तर मीच त्याला फलटणला पोचवणार होतो, हे मला स्वच्छ दिसलं.

जन्मात कधी सौदा अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. ढग्याचा पट्टा तर मी चंदनबालाला कधी धरूच दिला नव्हता. "तुला झेपायचा नाही," असं म्हणून विषय संपवायचो.

"अगं," मी म्हणालो, "तू घेतेस का?"

तिनं एका शब्दानं मला टोचलं नाही. माझ्या तळहातावरचा भुगा झटकला, पट्टा घेतला आणि पिशवीचा बंद धरावा तसा दोन बोटांत धरला. "तुम्ही माझ्या शेजारून चला," म्हणाली, "आणि हात मागे बांधा."

आम्ही निघालो. आम्हाला बघून लोकांत कुजबुज झाली. विनोदिनीबाईंनी लांबूनच विचारलं, "चंदनबालाताई, तुम्हाला झेपेल का हा? ओढलं तर?"

"ओढलं तर यांनाही झेपत नाही," चंदनबाला म्हणाली. "ओढायची वेळ येऊ नये, एवढंच बघायचं."

ती फुलांच्या वाफ्याला लांबचा वळसा घालून निघाली. चालता चालता ढग्याशी बोलत होती. विषय काय, तर संध्याकाळी मुगाची खिचडी टाकावी की दशम्या कराव्यात. ढग्याची मान हळूहळू खाली आली. चिंगी भुंकायला लागली. माझ्या पाठीमागे माझीच बोटं एकमेकांना चुरगाळत होती, पण त्यांना आता कुणी विचारत नव्हतं.

आठ-दहा हातांवर ढग्या थांबला. तोंड फिरवलं, गवत हुंगलं. मग बसला. मग सावकाश पाय पसरून, हनुवटी जमिनीला टेकवून आडवा झाला. पट्टा गवतावर सैल पडला होता. बाकावरून 'पैलवान' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांनी जांभई दिल्यासारखं केलं.

चिंगी भुंकतच होती. तिचा पट्टाही तारेसारखा ताणलेला होता. चंदनबाला हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीही थोडं सैल सोडा ना. तुमची भीती तिला कळतेय."

विनोदिनीबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. माझ्यासारखीच पांढरी पडलेली मूठ. मग डोळे मिटून त्यांनी बोटं उघडली.

चिंगीचं भुंकणं एकदम निम्मं झालं. ती एक पाऊल पुढे आली, दोन मागे गेली. मग मागच्या बाजूनं वळसा घालून ढग्याच्या शेपटीशी पोचली आणि हुंगायला लागली. शेपटीपासून नाकापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला, कारण कुत्रंच तेवढं लांब आहे. चिंगी नाकाशी पोचली, त्याच्या तोंडावर एकदा जोरात भुंकली, शिंकली, आणि त्याच्या गळ्याला पाठ लावून बसली. ढग्यानं डोळे मिटून घेतले.

कुणीतरी टाळी वाजवणार होतं, त्याला दुसऱ्यानं अडवलं. विनोदिनीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसत होतो, उगाच लपवत नाही.

"माझी तक्रार मी मागे घेते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी गळा साफ केला आणि वर्गात बोलावं तशा आवाजात पुढे म्हणाल्या, "पण माझी एक अट आहे. कुत्रा गुणी आहे. फिरताना अण्णांनी त्याचा पट्टा धरायचा नाही. पट्टा चंदनबालाताईंच्या हाती राहील. हे लिहून ठेवा."

सगळी बाग हसली. चारचौघांत असं कुणी आधी म्हटलं असतं तर मी तिथं महाभारत केलं असतं. जयराज माझ्याकडे भीत भीत बघत होता. "अण्णा, लिहू का?"

"लिही," मी म्हणालो. "ठळक अक्षरात लिही."

तो लिहायला लागला. "सौ. चंदनबाला यांनी पट्टा धरावा. श्री. धरणेंद्र यांनी धरू नये." मग पेन थांबवून त्यानं विचारलं, "आणि अण्णा, रजिस्टरात कुत्र्याच्या मालकाचं नाव राहिलंय. धवल लिहू ना? त्याचाच आहे तो."

ढग्या गवतावर पडला होता. चिंगी त्याचा कान चाटत होती आणि तो हलत नव्हता.

"धवल नको," मी म्हणालो. "माझं लिही."

आणि कुणाचं मन बदलायच्या आत मी जयराजच्या हातातून वही घेऊन सही करून टाकली.